मेंदूच्या नकाशाला जोडलेली चिठ्ठी

एमआरआयचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं असावं लागतं, पण डोकं आत गेलं की ते बिघडतं. नाकामागच्या पोकळ्या आणि कानाच्या नळ्या यांतली हवा क्षेत्र वाकवते. त्यामुळे झपाट्याने घेतलेल्या फंक्शनल प्रतिमांत कपाळामागचा भाग चेपल्यासारखा किंवा ताणल्यासारखा दिसतो. ही ओढाताण निस्तरायला क्षेत्राचा नकाशा, म्हणजे फील्ड मॅप, घेतात. एक रीत अशी : तीच प्रतिमा एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे घ्यायची. दोन्हींतली विकृती उलट दिशांना असते, तफावतीवरून क्षेत्र काढता येतं.

नकाशा कोणत्या स्कॅनसाठी, हे मात्र लिहून ठेवावं लागतं. मेंदूच्या स्कॅनच्या फाइली मांडण्यासाठी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘बिड्स’ या सामायिक मानकात नकाशासोबतच्या जेसन फाइलीत ‘इंटेंडेड फॉर’ या रकान्याखाली त्या स्कॅनच्या फाइलींची नावं येत. फाइलीचं नाव बदललं की दुवा तुटला! शिवाय फंक्शनल फोल्डरमधलीच प्रतिमा नकाशाच्या कामी आली, तर ते सांगायला सोय अपुरी होती.

मग मानकात दोन रकान्यांची भर पडली. ज्या प्रतिमांपासून नकाशा बनतो, त्यांवर ‘बी-झीरो फील्ड आयडेंटिफायर’मध्ये एका नावाची चिठ्ठी, जी प्रतिमा दुरुस्त करायची, तिच्यावर ‘बी-झीरो फील्ड सोर्स’मध्ये तेच नाव. एकच प्रतिमा दोन्ही चिठ्ठ्या बाळगू शकते. मला ही दुरुस्ती जुन्या रीतीपेक्षा सरस वाटते. जुना रकाना मात्र मानकात अजून आहे.