बाळाचा पहिला श्वास आणि आपली लाल गोळी

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारा. गरोदरपणात मिळालेली लाल गोळी किती जणींनी शेवटपर्यंत खाल्ली? “मळमळतं गं”, “शी काळी होते”, “सासूबाई म्हणतात बाळ काळं होईल”, अशी उत्तरं येतील. म्हणून आज या गोळीचं आणि बाळाच्या श्वासाचं नातं समजून घेऊया.

पोटातलं बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू नाळेतून, म्हणजे आपल्याच रक्तातून मिळतो. जन्मल्यावर मात्र त्याला स्वतःची छाती फुगवावी लागते. दिवस भरण्याआधी जन्मलेली काही बाळं इथेच अडतात. धाप लागते, कण्हतात, बरगड्या आत ओढल्या जातात. पूर्वी अशी कितीतरी बाळं जायची आणि कारण डॉक्टरांनाही नीट कळत नव्हतं.

ते शोधलं अमेरिकेतल्या डॉ. मेरी एलन एव्हरी या बाईंनी. डॉक्टर झाल्यावर त्यांना स्वतःलाच क्षयरोग झाला आणि तेव्हापासून त्यांचं लक्ष फुप्फुसाकडे वळलं. दगावलेल्या बाळांची फुप्फुसं तपासताना त्यांना एक फरक दिसला. दुसऱ्या आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात फेस असायचा. श्वासाच्या त्रासाने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात तो नव्हता. फुप्फुसाला आतून लागणारा एक पातळ, साबणासारखा थर या बाळांमध्ये कमी असतो, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यासोबत १९५९ साली दाखवून दिलं.

ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू कशा चिकटून बसतात, तसं बाळाच्या फुप्फुसाचं होतं. हा थर असला की बाजू चिकटत नाहीत. गर्भ साधारण २४ आठवड्यांचा झाला की थर तयार व्हायला लागतो, पण पुरेसा व्हायला साधारण ३५ आठवडे लागतात. म्हणजे पोटातला एकेक आठवडा मोलाचा.

मग यात लोह कुठे आलं? लोहाशिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन तयार होत नाही, आणि प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिनच. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. अशा वेळी बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. शिवाय बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं. गोळीने फुप्फुस थेट पिकत नाही, पण बाळाला पोटात पूर्ण दिवस मिळावेत म्हणून आईचं रक्त चांगलं असायला हवं. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं.

हे लक्षात ठेवा:

• चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या.
• मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. सोबत लिंबूपाणी किंवा आवळा चालेल. चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.
• कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.
• शी काळी होणं साधं आहे. बाळाचा रंग गोळीने बदलत नाही.
• जन्मल्यावर नाळ किमान एक मिनिट थांबून कापली तर बाळाला जास्तीचं रक्त, म्हणजे लोह मिळतं. सिस्टरना आधीच विचारून ठेवा.

आणि दिवस भरायच्या आधी कळा आल्या, तर “बघू सकाळी” म्हणू नका. १०८ ला फोन करा. बाळाचं फुप्फुस लवकर तयार व्हावं म्हणून दवाखान्यात आईला इंजेक्शन देता येतं. न्यूझीलंडमध्ये डॉ. लिगिन्स यांना त्याचा गुण आधी मेंढीच्या कोकरांत दिसला, मग १९७२ साली बायकांवरच्या अभ्यासातही. पण पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून प्रत्येक तास महत्त्वाचा.

आपल्या गटात कोणी गरोदर असेल तर तिच्या गोळ्यांचा हिशोबही बैठकीत विचारा. आणि सासूबाई गटात असतील तर हा लेख त्यांनाच वाचायला सांगा!