हुजूर, मजूर आणि उदार: ब्रिटिश सत्तेबद्दलचे पाच गैरसमज

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ब्रिटिश राजकारण आपल्या ओळखीचं आहे ते व्हाइसरॉय आणि कायद्यांच्या नावांतून. त्या वेळी लंडनमध्ये सरकार कोणाचं होतं आणि ते कोणाच्या टेकूवर उभं होतं, हे मागे पडतं. मग पक्षाच्या नावावरून त्याच्या कारभाराचा अंदाज बांधला जातो.

गैरसमज १: निवडणूक जिंकणारा पंतप्रधान होई.
वस्तुस्थिती: १९०२ ते १९२३ दरम्यान बाल्फर, कॅम्बेल-बॅनरमन, अ‍ॅस्क्विथ, लॉइड जॉर्ज, बोनार लॉ आणि बाल्डविन पंतप्रधान झाले. सहाही जण पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले ते आधीचा पंतप्रधान पायउतार झाल्यामुळे. बाल्फर तर मामा लॉर्ड सॉल्झबरी यांच्या जागी आले. कॅम्बेल-बॅनरमन यांनी डिसेंबर १९०५मध्ये सरकार बनवलं. घवघवीत बहुमत मिळालं ते पुढच्या वर्षी.

गैरसमज २: लॉर्ड्सचं सभागृह तेव्हाही शोभेचंच होतं.
वस्तुस्थिती: अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०९च्या अंदाजपत्रकात नौदल आणि वृद्धांच्या पेन्शनसाठी श्रीमंतांवर व जमिनीवर कर लावले. हुजूर पक्षाचं वर्चस्व असलेल्या लॉर्ड्सनी ते फेटाळलं. १९१०मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळा उदारमतवादी व हुजूर पक्ष जवळजवळ बरोबरीत राहिले. अ‍ॅस्क्विथ सरकार तगलं ते आयरिश राष्ट्रवादी आणि मजूर खासदारांमुळे. गरज पडल्यास नवे लॉर्ड नेमण्याची तयारी पंचम जॉर्ज यांनी दाखवल्यावर लॉर्ड्सचे अधिकार मर्यादित करणारा १९११चा कायदा संमत झाला. त्यानंतर लॉर्ड्सना अर्थविधेयक महिनाभर आणि इतर बहुतेक विधेयकं सुमारे दोन वर्षं लांबवता येत, कायमची अडवता येत नसत. आयर्लंडच्या स्वराज्याच्या विधेयकाची वाट त्यामुळेच मोकळी झाली.

गैरसमज ३: लॉइड जॉर्ज उदारमतवादी, म्हणून त्यांचं सरकारही उदारमतवादी.
वस्तुस्थिती: डिसेंबर १९१६पासून ते हुजूर पक्षाच्या पाठिंब्यावर पंतप्रधान होते. त्यांचा स्वतःचा पक्ष दुभंगला. १९१८मध्ये अ‍ॅस्क्विथ खासदारकीही गमावून बसले. ऑक्टोबर १९२२मध्ये कार्लटन क्लबातल्या बैठकीत हुजूर खासदारांनी आघाडी मोडली आणि लॉइड जॉर्ज यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्यानंतर उदारमतवादी पक्षाचा पंतप्रधान झालेला नाही.

गैरसमज ४: मजूर पक्ष १९२३ची निवडणूक जिंकून सत्तेवर आला.
वस्तुस्थिती: सर्वाधिक, २५८ जागा हुजूर पक्षाच्या होत्या, मजूर पक्षाच्या १९१. पण बाल्डविन यांचं बहुमत गेलं आणि जानेवारी १९२४मध्ये रॅम्से मॅक्डोनाल्ड उदारमतवाद्यांच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. वर्ष संपण्याआधीच ते सरकार गेलं.

गैरसमज ५: हुजूर पक्ष दडपशाहीचा, बाकीचे दोन्ही भारताचे मित्र.
वस्तुस्थिती: गोखल्यांनी लंडनमध्ये ज्यांच्याकडे सुधारणांसाठी पाठपुरावा केला, ते भारतमंत्री मोर्ले उदारमतवादी होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९०७मध्ये लाला लजपतराय यांची मंडालेला रवानगी झाली आणि १९०८मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा. १९०९च्या सुधारणाही याच मोर्ल्यांच्या. ऑक्टोबर १९२४मध्ये सुभाषचंद्र बोस यांना खटल्याविना अटक झाली, तेव्हा लंडनमध्ये मजूर पक्षाचं सरकार होतं. साम्राज्य राखण्याबाबत तिन्ही पक्षांचं एकमत होतं. मतभेद होते ते सवलती किती आणि केव्हा द्यायच्या याबद्दल.