वेबसाइटचा सौदा तोंडी नको!

शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि बागायतदार आता मालाच्या विक्रीसाठी स्वतःची वेबसाइट करून घेऊ लागले आहेत. काम बहुधा तालुक्यातल्या एखाद्या शिकलेल्या पोराकडे जाते. "तू आपलाच आहेस, कागद कशाला?" एवढ्यावर सौदा ठरतो आणि पुढच्या भांडणाचे बी तिथेच पेरले जाते.

बैलजोडी घेताना आपण इसार देतो, जमीन बटईने देताना वाटा ठरवतो. मग इथे का नको? भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे तोंडी करारही चालतो. पण वाद झाला की काय ठरले होते ते सिद्ध कसे करणार? शब्दाला साक्षीदार सापडत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालकी. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, हा तिचा सातबाराच समजा. तो ठरावीक मुदतीने पैसे भरून चालू ठेवावा लागतो. नोंदणी करणाऱ्याने स्वतःच्या नावावर केली आणि उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तर ऐन हंगामात वेबसाइट बंद पडू शकते. म्हणून डोमेन कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ई-मेलवर घ्यावे.

दुसरी बाब कॉपीराइटची. पैसे दिले म्हणजे सगळे आपले झाले, असा समज आहे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार बाहेरच्या कारागिराने केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तोच असतो. हक्क आपल्याकडे घ्यायचा तर त्याच्या सहीचा लेख लागतो. त्यात मुदत लिहिली नाही, तर हस्तांतर 5 वर्षांचेच धरले जाते. हे कलम 19 मध्ये आहे.

करारात एवढे तरी लिहावे :

1. पाने किती, मराठी की इंग्रजी, ऑनलाइन पैसे घेण्याची सोय आहे की नाही.
2. फोटो व मजकूर कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत.
3. पैशाचे हप्ते : काम धरताना, नमुना पसंत पडल्यावर आणि पासवर्ड हाती आल्यावर.
4. फुकट बदल किती वेळा. त्यानंतर दर काय.
5. दरवर्षीचा खर्च व देखभाल कोणाकडे.
6. काम अर्धवट सुटले तर हिशेब कसा.

यातले चौथे कलम त्या पोराच्या बाजूचे आहे. "जरा एवढे बदल, जरा तेवढे बदल" करत महिनोन्‌महिने काम करून घ्यायचे आणि शेवटचा हप्ता अडवायचा, हे बरे नव्हे. त्याचाही घामच असतो. माल नेऊन पट्टी न देणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो, ते आठवावे.

कराराच्या दोन प्रती कराव्यात. कंपनीतर्फे अधिकार दिलेल्या संचालकाने सही करावी. ग्रामपंचायतीचे काम असेल तर नुसत्या ठरावावर थांबू नये; ठराव म्हणजे करार नव्हे. कागद लगेच जमत नसेल तर निदान अटी ई-मेलवर लिहून समोरच्याची मान्यता घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार बाद होत नाही. मुद्रांक किती लागतो ते मुद्रांक विक्रेत्याकडे विचारावे.

कागद केला म्हणजे अविश्वास दाखवला असे नाही. उलट आपल्या माणसाशी संबंध टिकवायचे असतील, तर कागद आधी करावा.