घसरत्या रस्त्यावर भिस्त टायरचीच

थंडीचा कडाका वाढला की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाची छायाचित्रे वृत्तपत्रांत हमखास झळकतात. बोटींच्या धक्क्यावर, गवताच्या पात्यांवर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो आणि पर्यटकांची पावले तिकडे वळतात. ऊन वर आले की हा सोहळा संपतो. दिवसभर तापलेल्या डांबरात ऊब शिल्लक राहत असल्याने तलावाकाठचा रस्ता मात्र बर्फाने झाकला जात नाही. मग बर्फावर वाहन चालविण्याचे शास्त्र सातारा-सांगलीच्या वाहनचालकाला काय कामाचे, असा प्रश्न कोणालाही पडेल.

त्याची दोन उत्तरे आहेत. बर्फ हे निसरडेपणाचे टोक आहे. पावसाळ्यातील घाट आणि ऊसतोडणीच्या हंगामातील चिखलाळ रस्ते त्याच वाटेवरच्या अलीकडच्या पायऱ्या आहेत. दुसरे असे की, स्वतःची मोटार किंवा मोटारसायकल घेऊन मनाली, लेह गाठणाऱ्यांत या भागातील तरुणही असतात. घाटात मुरलेला हात तेथे पुरेसा पडतोच असे नाही.

पकडीचे गणित

चारचाकी वाहन कितीही मोठे असले तरी त्याचा आणि रस्त्याचा संबंध चार टायरच्या तळाशी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेपुरता असतो. वेग वाढविणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे एवढ्याशा रबराला करावी लागतात. कोरड्या डांबरावर रबराची पकड उत्तम असते. पाऊस पडला की ती बरीच घटते आणि बर्फावर कोरड्याच्या सातव्या हिश्शाइतकीच उरते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यासाठी कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटर, ओल्या रस्त्यावर सुमारे ३५ मीटर, तर बर्फावर १४० मीटरच्या आसपास अंतर लागते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या सेकंदभरात वाहन आणखी १७ मीटर पुढे गेलेले असते, ते वेगळेच. मात्र वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर निम्मे नव्हे, तर चौथा हिस्सा होते. म्हणजेच बर्फावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर ६०च्या वेगातील वाहनालाही तेवढेच अंतर लागते.

उतार या हिशेबात आणखी भर घालतो. शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या घाटात कोरड्या रस्त्यावर फारसा फरक जाणवत नाही, कारण पकड भरपूर असते. बर्फावर मूळचीच पकड अत्यल्प. तीतील निम्म्याहून अधिक उतारच खाऊन टाकतो. त्यामुळे तेच ३५ मीटर ९०च्या घरात जातात. निसरडा रस्ता आणि उतार एकत्र आले की अनुभवी चालकाचाही अंदाज चुकतो, तो याच कारणाने.

पाऊस आणि घाट

साताऱ्याच्या पश्चिमेला अशा रस्त्यांची वाण नाही. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, मेढ्याकडून महाबळेश्वरला नेणारा केळघर घाट, कासकडे जाणारा यवतेश्वर घाट, पाटणहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट आणि महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट, हे सारे सह्याद्रीच्या भरपावसाच्या पट्ट्यातले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून अनेकांचा मृत्यू झाला. घाटात चुकीला दुसरी संधी क्वचितच मिळते, याची ती दारुण आठवण आहे.

पावसाची पहिली सर सर्वांत फसवी असते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून त्यांचा बुळबुळीत लेप तयार होतो. पुढे पाऊस जोर धरतो तेव्हा धोका निराळा असतो. टायरवरील खाचा तळाखालचे पाणी बाजूला फेकतात. पण पाणी फार आणि वेगही फार असेल, तर त्यांना तेवढी उसंत मिळत नाही. टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. यालाच ‘हायड्रोप्लेनिंग’ म्हणतात. पुणे-बंगळूर महामार्गासारख्या सरळ आणि वेगवान रस्त्यावर, पाणी तुंबलेल्या जागी याची भीती अधिक. अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगला हिसका देऊ नये. ॲक्सिलरेटरवरील पाय अलगद उचलावा आणि टायरला पुन्हा रस्ता मिळू द्यावा.

घाट उतरताना, चढताना जो गिअर लागला असता तोच ठेवावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही खरा आहे. इंजिन वेग आवरते, ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे हातातला लगाम टाकून देणे होय. धुक्यात हेडलाइटचा झोत खालीच ठेवावा. वरचा झोत धुक्यावरून परावर्तित होऊन आपल्याच डोळ्यांवर येतो.

उसाचा हंगाम

सांगलीकडे पाऊस कमी, पण हिवाळा तेथे वेगळे संकट घेऊन येतो. वाळवा, पलूस, तसेच शेजारच्या कराड तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते. शेतातून निघताना त्यांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. पहाटेच्या दवाने किंवा अवकाळी पावसाने ती भिजली की तिचा साबणासारखा लेप होतो. त्यातच कृष्णा-वारणेच्या काठचे धुके आणि मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली, असा योग जुळून येतो. शेतरस्ता जेथे डांबरी रस्त्याला मिळतो, तेथे वेग आधीच कमी करावा. दुचाकीस्वारांनी अशा पट्ट्यात गाडी कलती करू नये आणि पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नये.

टायर निवडताना

नव्या मोटारीच्या टायरवरील खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. ही खोली दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आणि अन्य वाहनांसाठी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. खरे तर ओल्या रस्त्यावरील पकड त्यापूर्वीच घटू लागते. म्हणून घाटात नेहमी जाणाऱ्यांनी तीन मिलिमीटरला सावध होणे शहाणपणाचे.

टायरच्या बाजूवर त्याची जन्मवेळही कोरलेली असते. चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा, तर पुढचे दोन वर्ष दर्शवितात. २३२२ म्हणजे २०२२ सालातील तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक होते, त्यामुळे खाचा शाबूत असूनही जुना टायर घसरतो. दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना बसवावेत. मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणे पुढची पकड सुटण्यापेक्षा कठीण असते. हवा टायर थंड असताना तपासावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर दिलेल्या आकड्याइतकीच भरावी. हवा कमी केल्याने पकड वाढते, हा समज ओल्या डांबरावर घातक ठरतो.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी

मनालीजवळचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून लाहौलच्या खोऱ्यात पोहोचणे सोपे झाले आहे. तेथे खरा शत्रू पांढरे बर्फ नव्हे, तर डांबरावर काचेसारखा गोठलेला, डोळ्यांना न दिसणारा थर होय. तो सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि रस्त्यावरून ओघळ वाहतात तेथे पहाटे व सूर्यास्तानंतर आढळतो. पुलाला वरून आणि खालूनही वारा लागत असल्याने तो आधी गोठतो.

आपल्याकडील सर्वसाधारण टायरचे रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावर बर्फ धरून ठेवणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही त्याची खूण. मात्र असे टायर साताऱ्याच्या उन्हात लवकर झिजतात आणि तापलेल्या रस्त्यावर त्यांची पकडही उणीच पडते. चार दिवसांच्या सहलीसाठी ते घेण्यापेक्षा इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते, त्यांना लावायच्या साखळ्या बरोबर न्याव्यात. त्या चढविण्याचा सराव घरीच करावा. साखळ्या लावल्यावर वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वर नेऊ नये. बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघावे आणि पुढील वाहनापासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवावे. स्थानिक चालक थांबले असतील, तर आपणही थांबावे.

एबीएसमुळे चाके जाम होत नाहीत आणि ब्रेक दाबूनही गाडी वळविता येते, हा त्याचा मोठा लाभ. परंतु रस्त्यात नसलेली पकड कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. पाऊस, माती, दव आणि बर्फ आपल्या हाती नाहीत. टायरची स्थिती आणि वेग मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहेत, आणि त्यांचा विचार घाटाच्या पायथ्याशी नव्हे, तर घरून निघण्यापूर्वीच व्हायला हवा.