प्रयोगवहीतलं "चुकीचं" उत्तर : विज्ञान संशोधनाच्या तीन गोष्टी



पुण्यातल्या एखाद्या शाळेत पाण्याचा उत्कलनबिंदू मोजण्याचा प्रयोग चालू आहे असं समजा. पाणी खळखळ उकळतंय आणि तापमापी 98 अंशांवर थांबली आहे. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, पुस्तक उघडतात आणि वहीत लिहितात : 100 अंश सेल्सिअस. का? कारण उत्तर तेच यायला हवं ना!

खरं तर तापमापी बरोबर होती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी 100 च्या आधीच उकळतं. साधारण दर 300 मीटरला 1 अंश कमी. महाबळेश्वरला तर 95-96 अंशांनाच उकळतं. म्हणजे मुलांनी निसर्गाने दिलेलं खरं उत्तर खोडलं आणि छापील उत्तर लिहिलं. चूक मुलांची नाही. "आलेलं उत्तर" आणि "यायला हवं ते उत्तर" यांत गुण कशाला मिळतात, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

पण विज्ञानाचा इतिहास पाहिला तर कितीतरी मोठे शोध अशा नको असलेल्या नोंदींतूनच लागलेले दिसतात. वनस्पती, सागरी जीव आणि भौतिकशास्त्र अशा तीन क्षेत्रांतल्या तीन गोष्टी आज पाहू. तिन्ही गोष्टी वर्गात सांगण्यासारख्या आहेत.

1) सदाफुली : शोधायला गेले मधुमेहाचं औषध

सदाफुली आपल्याकडे अंगणात, कुंडीत, शाळेच्या कुंपणाशी सगळीकडे दिसते. मूळची ती मादागास्कर बेटावरची. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची प्रथा अनेक देशांत होती.

1952 मध्ये जमैकाहून अशीच काही पानं कॅनडातल्या रॉबर्ट नोबल या संशोधकांपर्यंत पोहोचली. त्यांनी उंदरांना पानांचा अर्क पाजून पाहिला. रक्तातल्या साखरेवर विशेष परिणाम दिसेना. मग अर्क टोचून दिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले.

इथे "प्रयोग फसला" असं लिहून वही मिटता आली असती. पण नोबल यांनी पुढचा प्रश्न विचारला : संसर्ग का झाला? रक्त तपासल्यावर कळलं, की उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. सैनिकच उरले नाहीत, तर जंतूंचं फावणारच!

आता ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग आठवा. त्यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. जो अर्क त्या पेशी कमी करतो, तो इथे उपयोगी पडेल का? नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी 1958 पर्यंत त्यातलं व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळं केलं. त्याच वनस्पतीतून अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हिनक्रिस्टिन मिळवलं. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे बारीक धागे तयार होतात. ही द्रव्यं ते धागेच बनू देत नाहीत, म्हणून पेशीचं विभाजन अडतं. लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारात व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात.

पालकांसाठी एक महत्त्वाची सूचना : "सदाफुलीची पानं चावून खा, साखर उतरते" असे संदेश मोबाईलवर फिरत असतात. कृपया असं करू नका. ही वनस्पती विषारी आहे. औषध बनतं तेव्हा पानातलं एकच द्रव्य शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. तरीही त्याचे दुष्परिणाम सांभाळावे लागतात. मूठभर पानांत काय आणि किती आहे, हे कोण मोजणार?

2) जेलीफिश : मोरीत पडलेला प्रकाश

1961 च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा हे जपानी संशोधक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर इथे काम करत होते. तिथल्या समुद्रातला एक जेलीफिश हिरवा चमकतो. तो कशामुळे, एवढाच त्यांचा प्रश्न. यातून औषध मिळेल, पैसा मिळेल असा काही विचार नव्हता.

जाळ्या घेऊन त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्या मोसमात सुमारे 10,000 जेलीफिश गोळा केले. त्या काळी सजीवांतला प्रकाश कसा तयार होतो याची एक ठरलेली समजूत होती. त्या पद्धतीने प्रयोग केले आणि एकही जमला नाही. शेवटी शिमोमुरांनी ती समजूतच बाजूला ठेवली. अर्क थोडा आम्लधर्मी केल्यावर प्रकाश थांबतो आणि आम्लता घालवली की परत येतो, पण मंद, एवढं त्यांना दिसलं.

मग उरलेला अर्क त्यांनी धुण्याच्या बेसिनमध्ये ओतला, आणि बेसिन लख्ख निळं उजळलं! अर्क तोच, मग आता एवढा प्रकाश कसा? बेसिनमध्ये मत्स्यटाकीतून वाहून येणारं समुद्राचं पाणी होतं. म्हणजे त्या पाण्यातलं काहीतरी कारणीभूत असणार. ते निघालं कॅल्शियम. अशा रीतीने इक्वोरिन नावाचं प्रथिन सापडलं. 1962 च्या लेखात त्यांनी सोबत सापडलेल्या आणखी एका हिरव्या प्रथिनाचीही नोंद केली.

ही बाजूची नोंदच पुढे जास्त मोठी ठरली. या हिरव्या प्रथिनावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवं चमकतं. 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक जीवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवलं, तर तेही चमकू लागले. रॉजर त्सिएन यांनी त्याच्या वेगवेगळ्या रंगछटा तयार केल्या. आता जिवंत पेशीत कोणतं प्रथिन कुठे जातं, कर्करोगाच्या पेशी कशा पसरतात, हे संशोधकांना सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

3) समुद्र निळा का?

हा प्रश्न तर पहिलीतलं मूलही विचारतं. "आकाशाचं प्रतिबिंब" हे त्याचं मान्य उत्तर होतं, आणि ते लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने दिलेलं होतं.

1921 मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. त्यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. योग्य कोनात धरला की पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश तो अडवतो. त्यांनी त्यातून समुद्राकडे पाहिलं. निळेपण प्रतिबिंबाचं असतं, तर ते नाहीसं व्हायला हवं होतं. ते तसंच राहिलं! म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता. (आज आपण जाणतो, की पाणी तांबडा प्रकाश शोषतं आणि निळा जास्त विखुरतं.) बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा त्यांचं टिपण तयार होतं आणि ते 'नेचर' या नियतकालिकाकडे रवाना झालं.

पुढची काही वर्षं कोलकात्यात प्रकाशाच्या विकिरणाचा अभ्यास चालला. 28 फेब्रुवारी 1928 रोजी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या कामातून रामन परिणाम सिद्ध झाला : विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलतो, आणि तो बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. रेणूच्या बोटांचा ठसाच म्हणा ना! 1930 मध्ये नोबेल मिळालं, आणि या शोधाची आठवण म्हणून 28 फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. आज औषध खरं की बनावट हे तपासायला हे तंत्र वापरतात. मंगळावर गेलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवरही याच तंत्राची उपकरणं आहेत.

मग वर्गात काय करायचं?

- प्रयोगवहीत "अपेक्षेपेक्षा वेगळं काय दिसलं?" असा एक रकाना ठेवा आणि त्याला गुणही द्या.
- उत्तर वेगळं आलं, तर "चुकलं" म्हणण्याआधी प्रयोग पुन्हा करायला सांगा. पुन्हा तेच आलं तर कारण शोधू. वेगळं आलं तर मोजण्यात चूक होती. दोन्हींतून मूल शिकतंच.
- आपल्या गावाची उंची शोधून पाणी किती अंशांना उकळेल याचा अंदाज मुलांना आधी बांधू द्या, मग मोजा. उकळत्या पाण्याजवळ मोठं माणूस मात्र हवंच.
- घरी मुलाने "असं का?" विचारलं आणि उत्तर येत नसेल, तर "आपण बघूया" म्हणा. तो प्रश्न तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट सांगा. प्रत्येक वेगळी नोंद म्हणजे शोध नव्हे. बहुतेक वेळा तापमापी वाकडी धरलेली असते! पण कोणती नोंद चूक आणि कोणती नवी वाट, हे तपासूनच कळतं. आणि तपासायला ती नोंद वहीत शिल्लक असावी लागते. म्हणून प्रयोगाच्या तासाला खोडरबर थोडा वेळ दप्तरातच राहू द्या.