झायोनवादाची मुळे युरोपच्या भूमीत

झायोन हे जेरुसलेममधील टेकडीचे प्राचीन नाव. त्या भूमीकडे परतण्याची आस ज्यूंच्या प्रार्थनांत शतकानुशतके होती. मात्र तिला राजकीय चळवळीचे रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकातील युरोपात.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये फ्रान्सने ज्यूंना समान नागरिकत्व दिले. धर्म खासगी ठेवून त्या त्या राष्ट्रात मिसळून जाता येईल, असा विश्वास सुशिक्षित ज्यूंमध्ये रुजला. परंतु ज्या राष्ट्रवादाने इतर समाजांना अस्मिता दिली, त्यानेच ज्यूंना परके ठरविले. मोझेस हेस यांनी १८६२ मध्ये ‘रोम आणि जेरुसलेम’ या ग्रंथात ज्यू हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे मांडले. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर रशियन साम्राज्यात ज्यूविरोधी दंगली उसळल्या. तोवर समरसतेचे पुरस्कर्ते असलेले ओडेसाचे डॉक्टर लिओन पिन्स्कर यांनी पुढच्याच वर्षी ‘आत्ममुक्ती’ ही पुस्तिका लिहिली. मुक्ती इतरांकडून मिळणार नाही, ती ज्यूंनीच मिळवावी, हा तिचा गाभा. व्हिएन्नातील पत्रकार थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये ‘ज्यू राज्य’ प्रसिद्ध केले आणि १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायोनवादी परिषद भरविली.

पॅलेस्टाइन मात्र निर्जन नव्हते. तेथील अरबांना कमी लेखू नये, असे अहद हाआम या झायोनवादी विचारवंतानेच १८९१ मध्ये बजावले होते. युरोपने निर्माण केलेल्या प्रश्नाचे उत्तर युरोपबाहेर शोधले गेले. पुढील संघर्षाचे बीज त्यातच होते.