तापीचा हिशेब सभागृहापुढे

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार झाला. खर्चाचा अंदाज १९,२४४ कोटी रुपये आणि महाराष्ट्रातले लाभक्षेत्र २ लाख ३४ हजार हेक्टर. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरमध्ये या बातमीचे स्वागत झाले नसते तरच नवल. केळीला बारा महिने पाणी लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सुकी, अभोरा, मंगरूळ या धरणांचे पाणी सगळ्या शिवाराला पुरत नाही, म्हणून बाग जगते ती विहिरी आणि ट्यूबवेलवर. उपसा इतका झाला की रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिशोषित यादीत जाऊन बसले आहेत. पुराचे वाहून जाणारे पाणी पायथ्याच्या गाळात जिरवण्याची या योजनेची कल्पना म्हणूनच इथल्या माणसाला जिव्हाळ्याची वाटते. पण एवढी मोठी योजना दोन-चार वर्षांत उरकत नाही. काम सुरू झाल्यावर दरवर्षी पैसा किती गेला, खोदकाम कुठवर आले, पाणी किती मुरले, हे सांगायचे कोणी आणि कोणाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. सरकारी यंत्रणेने आपल्या कामाचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. ही तरतूद नीट पाळली जात नाही, आणि त्याची किंमत पाणलोटातला शेतकरी मोजतो.

खान्देशातल्या पाटबंधाऱ्यांची मोठी कामे जळगावचे तापी पाटबंधारे विकास महामंडळ पाहते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कृष्णा, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा अशी पाच महामंडळे राज्याने कायदे करून उभी केली. अर्थसंकल्पातला पैसा अपुरा पडत होता, तेव्हा बाजारातून कर्जरोखे उभारून रखडलेली धरणे पुरी करावीत, हा हेतू. कर्जाला हमी शासनाची, म्हणजे अखेर जनतेची. विभागाच्या चौकटीबाहेर मोकळीक दिली, त्याबरोबर जबाबदारीही घातली. अशा महामंडळाच्या हिशेबांवरचा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल शासनाकडे येतो आणि शासनाने तो विधिमंडळाच्या पटलावर ठेवायचा असतो. तिथून पुढे लोकलेखा समिती, सार्वजनिक उपक्रम समिती यांसारख्या समित्यांचे काम सुरू होते. त्या सचिवांना साक्षीला बोलावतात, कागद मागवतात, शिफारशी करतात. समित्यांत सत्ताधारी आणि विरोधक दोघेही असतात, आणि तिथे भाषणापेक्षा कागदाला वजन असते.

ही साखळी पहिल्या कडीवर तुटते. अहवाल कधी ठेवायचा याबद्दल कायदा ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच म्हणतो. तारीख नाही, तारीख चुकली तर काय, तेही नाही. कॅगच्या अहवालांच्या मागच्या परिशिष्टांत एक साधा तक्ता असतो, तो एकदा तरी पाहावा. महामंडळाचे नाव, कोणत्या वर्षापर्यंत हिशेब सादर झाले, कोणत्या वर्षापर्यंत लेखापरीक्षण अहवाल दिला गेला आणि कोणत्या वर्षाचा अहवाल सभागृहात पोहोचला, असे रकाने. अनेक मंडळे-महामंडळांच्या बाबतीत या वर्षांमध्ये मोठे अंतर दिसते. म्हणजे आमदारांच्या हातात कागद पडतो तेव्हा त्या वर्षीचा अधिकारी बदलून गेलेला असतो, कधी मंत्रीही. विचारायचे कोणाला, हा पेच मग समितीपुढेच उभा राहतो.

सरकारचाच एखादा आकडा सभागृहात आला तर काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने २०१२ मध्ये पाहिले. अर्थसंकल्पाच्या आधी सादर होणाऱ्या आर्थिक पाहणी अहवालात एकूण पिकाखालील क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्राचे प्रमाण दिलेले होते. दशकाच्या सुरुवातीला १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. या काळात सिंचनावर हजारो कोटी खर्च झाले होते. या एका ओळीने राज्याचे राजकारण ढवळून काढले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्रांनी त्यात भर घातली, सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, वर्षअखेरीस जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली. श्वेतपत्रिकेने वेगळी आकडेवारी मांडून वाढ बरीच जास्त असल्याचा दावा केला. कोणता आकडा बरोबर, यावर तज्ज्ञांत प्रामाणिक मतभेद होते. कालव्याखालचे क्षेत्र आणि विहिरींखालचे क्षेत्र वेगवेगळ्या पद्धतीने मोजले जाते हे खरेच आहे. पण एकाच सरकारच्या दोन कार्यालयांकडे एकाच शिवाराचे दोन आकडे असावेत आणि ते जुळवायला दहा वर्षांत कोणी बसू नये, हे मला त्या वादातले सर्वांत गंभीर वाटते. दरवर्षीचा हिशेब सभागृहात तपासला गेला असता तर हा फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षीच उघडा पडला असता. २०१४ मध्ये सभागृहात आलेल्या कॅगच्या अहवालाने दाखवले की ३६३ प्रकल्पांचा खर्च ४७,४२७ कोटींनी वाढला होता. आणि पाहणी अहवालातल्या त्या रकान्याचे काय झाले? पुढची अनेक वर्षे तिथे ‘उपलब्ध नाही’ असे छापले गेले. ज्या आकड्याने प्रश्न उभे केले तो आकडाच छापायचा थांबला. लोकशाहीत याहून मोठा तोटा मला दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. अमळनेरजवळचा पाडळशाचा निम्न तापी प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुमारे १४२ कोटींचा म्हणून मंजूर झाला. आज त्याची किंमत ४,८०० कोटींच्या पुढे गेली आहे आणि धरण अपुरेच आहे. पाटबंधारे खात्याच्या बोलीत ज्याला ‘सुप्रमा’ म्हणतात, ती सुधारित प्रशासकीय मान्यता दर वेळी आनंदाची बातमी म्हणून येते. पेढे वाटले जातात, फलक लागतात. त्याच मान्यतेला दुसरी बाजू असते. आधीच्या अंदाजात काय राहिले, भूसंपादन कशाने अडले, दरवाढीचा वाटा किती आणि संकल्पचित्र बदलल्याचा किती, हे तिच्या प्रस्तावात लिहिलेले असते. तो प्रस्ताव फायलीत राहतो, आणि गावात मंजुरीची रक्कम तेवढी पोहोचते.

यावर पहिला आक्षेप असा की असे अहवाल वाचतो कोण? पटलावर ठेवलेले गठ्ठे तसेच रद्दीत जातात. बहुतेक जात असतील. पण रावेरला केळीचा भाव रोज जाहीर होतो, त्याचे मोल इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. व्यापारी अनेकदा त्यापेक्षा कमीने माल उचलतो, तरीही जाहीर भाव असतो म्हणूनच तक्रारीला आधार राहतो. अहवालाचेही तसेच. शंभरांतला एक आमदार, एक पत्रकार किंवा एक निवृत्त अभियंता तो वाचतो आणि तेवढे पुरते; २०१२ मध्ये एक ओळ पुरली. दुसरा आक्षेप माहिती अधिकाराचा. २००५ पासून कोणीही अर्ज करून माहिती मागवू शकतो, मग सभागृहाचा हट्ट कशाला? माहिती अधिकारात उत्तर मिळते ते मागणाऱ्याला, त्याने विचारलेल्या मुद्द्यापुरते, आणि सही असते जनमाहिती अधिकाऱ्याची. सभागृहातल्या कागदाची जबाबदारी मंत्र्यावर येते, आणि तो सर्वांसाठी एकाच वेळी खुला होतो. खुद्द माहिती आयोगाचा वार्षिक अहवालही विधिमंडळापुढे ठेवावा, असे तोच कायदा सांगतो. तिसरे म्हणणे अभियंत्यांचे, आणि ते मी हलके मानत नाही. उपविभागात माणसे कमी, पदे रिकामी, त्यात आणखी तक्ते कोण भरणार? पण हे तक्ते आजही भरले जातात. निधी मागताना, आढावा बैठकीसाठी, केंद्राच्या पोर्टलवर. वेगळे श्रम नकोत, तेच आकडे ठरलेल्या तारखेला सभागृहात यावेत.

तारीख ठरवणे अवघड नाही. लोकसभेने १९७५ मध्ये पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र समिती नेमली. वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत अहवाल यावा, उशीर झाला तर कारणे देणारे निवेदन सोबत यावे, हा दंडक तिने घातला. उशीर तिथेही होतो, पण तो नोंदला जातो आणि कोणालातरी त्याखाली नाव घालावे लागते. तापी महामंडळासाठी असाच नियम हवा, आणि अहवालात तालुकानिहाय तक्ता हवा. रावेरपुरते बोलायचे तर महापुनर्भरण योजनेचे यश घनमीटर खोदकामात मोजून चालणार नाही, ते विहिरीतल्या पातळीत मोजावे लागेल. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजतेच. रावेर, यावल, चोपड्यातल्या या विहिरींच्या नोंदी योजनेचे काम सुरू होण्याआधीच पहिल्या अहवालात छापल्या जाव्यात आणि पुढे दरवर्षी त्याच विहिरींचे आकडे त्यांच्या शेजारी यावेत. ही आधीची पातळी आज कागदावर आली नाही, तर वीस वर्षांनी योजनेने पाणी चढवले की एखाद्या चांगल्या पावसाळ्याने, हे सांगायला आमदार, अभियंता आणि शेतकरी यांपैकी कोणाकडेच पुरावा नसेल.